ड्रिलला गिरमिट लावून ६५ खड्डे : मार्च ते नोव्हेंबरचा अनुभव

इंदूरजवळ, राऊच्या पुढे, महूच्या बाजूला आमचा बिघाभर जमिनीचा तुकडा आहे. दोन वर्षं लागोपाठ रोजड्यांनी, म्हणजे नीलगायींनी, हरभरा फस्त केला, तेव्हा कुंपण घालायचं ठरलं. ६५० फुटांचा घेर, दर १० फुटांवर एक खांब. सब्बल-तगारी, म्हणजे पहार-घमेलं घेऊन हाताने खड्डे करणाऱ्याने खड्ड्यामागे सांगितलेला भाव ऐकून मी तडक इंदूरचा सियागंज बाजार गाठला आणि ड्रिलला लावायचा ऑगर घेऊन आलो. ऑगर म्हणजे आपलं सुताराचं गिरमिटच, मातीसाठी मोठं केलेलं.

पहिली चूक दुकानातच झाली. ४ इंची चौकोनी सिमेंटचे खांब ठरवले होते, म्हणून ४ इंची बिट, म्हणजे ऑगरचा मातीत फिरणारा भाग, घेतलं. घरी आल्यावर बायकोने, ती गणित शिकवते, शांतपणे विचारलं, "अहो, कर्ण किती येतो?" साडेपाच इंचांच्याही वर. खांब खड्ड्यात जाणारच नव्हता. मग ६ इंची बिट आणावं, तर ४ इंचीपेक्षा सव्वादोनपट माती उपसावी लागते, आणि तेवढा जोर घरगुती ड्रिलमध्ये नसतो. खांबांचा नुसता बयाणा दिला होता म्हणून वाचलो. ४० मिमीचे लोखंडी अँगल घेतले, ७ फुटी, २ फूट जमिनीत. ४ इंची खड्ड्यात अँगलच्या भोवती गिट्टी-काँक्रीट भरायला जागाही नीट राहते. म्हणून सांगतो, खांब आधी ठरवा, बिट नंतर.

ड्रिल घरचंच होतं, १८ व्होल्टचं बॅटरीवालं. प्लायवूडला उत्तम. एप्रिलच्या काळ्या मातीत ४ इंची बिट घालताच दोन मिनिटांत गरम होऊन आपोआप बंद. हिशेब सोपा आहे: १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. ड्रिल ५०० वॅट ओढत असेल तर नऊ मिनिटंही पुरत नाही, आणि अडल्यावर ते त्याहून जास्त ओढतं. २ इंची बिटाने छोटी रोपं लावायला हे ड्रिल छान आहे, खांबांना नाही. शेवटी १६ मिमी चकचं (चक म्हणजे बिटाचा दांडा पकडणारा जबडा), कमी फेऱ्यांचं, दोन्ही हातांनी धरायचं वायरवालं मशीन घेतलं. मातीत वेगाचा उपयोग नसतो, पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, लागतो. शेजारच्या बोअरवेलच्या खोलीतून वायर ओढली. एक सूचना: वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून मशीन चालवू नका, आतल्या आत तापते. पूर्ण सोडून पसरा.

बिट घेताना मी आता आधी हातात धरून वजन बघतो. कुंड्यांसाठी विकतात त्या स्वस्तातल्या बिटांचे पाते पातळ पत्र्याचे असतात, खडा लागला की कागदासारखे दुमडतात. दांडा षट्कोनी हवा. गोल दांडा चकमध्ये फिरतो, चक कितीही आवळा. टोकाचे दात बदलता येत असतील तर चार पैसे जास्त गेले तरी चालेल. माझ्या बिटाचे दात बदलता येत नव्हते. मुरमात पंधरा-वीस खड्ड्यांनंतर ते बोथट झाले, तेव्हा महूच्या वेल्डरने जुन्या ट्रकच्या कमानपट्ट्याचे तुकडे जोडून दिले. मूळच्या दातांपेक्षा ते जास्त टिकले.

आणखी एक, २ फुटी बिटाने २ फूट खड्डा होत नाही, वरचा दांडा चकमध्ये जातो. जोडदांडा लागतोच. त्याची पिन पहिल्याच दिवशी मातीत हरवली. आता लाल दोरी बांधून ठेवतो.

आता मातीचं. मालव्याची काळी माती उन्हाळ्यात दगड होते, रुंद भेगा पडतात. एप्रिलमध्ये एका खड्ड्याला पंधरा मिनिटं जायची. बाजूला बसलेला आमचा राखणदार म्हणाला, "बाऊजी, इससे तो सब्बल भली." चुकीचं नव्हतं. नंतर युक्ती सुचली: संध्याकाळी सब्बलीने वीतभर खळगा करून त्यात बादलीभर पाणी, सकाळी ऑगर. नुसतं वरून ओतलं तर पाणी भेगांतून कुठल्या कुठे निघून जातं. असे रडतखडत चौदा खड्डे झाले. जुलैमध्ये उत्साहाने पुन्हा गेलो, तर माती बिटाला अशी चिकटली की दर अर्ध्या फुटाला बिट वर काढून खुरप्याने खरवडायचं. कसेबसे आणखी सहा.

खरं काम सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरमध्ये झालं. वाफसा होता. मूठभर माती दाबली की लाडू वळतो आणि अंगठ्याने दाबला की फुटतो, अशी. उरलेले ४५ खड्डे चार दिवसांत, एकेक तीन-चार मिनिटांत. तेच मशीन, तेच बिट. मार्चमध्ये मी घाई केली नसती तर वेल्डरकडे जावंही लागलं नसतं कदाचित.

हाताचं सांगतो, कारण तेच मला महागात पडलं. मेच्या सुरुवातीला बिट बाभळीच्या मुळीत अडकलं आणि मशीनच उलटं फिरलं. बिट थांबतं तेव्हा तो सगळा पीळ मनगटात येतो. मी ट्रिगर लॉक करून ठेवला होता, म्हणजे बोट सोडूनही मशीन थांबेना. डावं मनगट तीन आठवडे पट्टीत. आता लॉकच्या बटणाला हात लावत नाही, बाजूचं हँडल मांडीला टेकवून धरतो, आणि गळ्यात मफलर, उपरणं काही नाही. सैल हातमोजेही नकोत. अडकलेलं बिट ओढून काढू नका. माझ्या मशीनला उलट फेऱ्या नाहीत, म्हणून मी प्लग काढतो आणि पाइप पान्याने दांडा उलटा फिरवून सोडवतो.

पावसाळ्यानंतर आधीच्या वीस खांबांपैकी पाच कलले. पाचही नाल्याच्या बाजूचे. तिकडे काळी माती खोल आहे, २ फुटांवरही मुरूम लागत नाही. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि खांबाला हलवत राहते. पूर्वेकडे सव्वा फुटावर मुरूम लागतो, तिथला एकही खांब हलला नाही. ते पाच खड्डे जोडदांड्याने अडीच फुटांपर्यंत नेले, तळाला सब्बलीने रुंद केले, कारण ऑगर तळ रुंद करू शकत नाही, आणि खाली काँक्रीट, वर काळ्या मातीऐवजी ठोकून बसवलेला मुरूम भरला. ऑक्टोबरमध्ये त्या बाजूचे बाकीचे खांबही तसेच केले.

कोपऱ्यांच्या चार खांबांना तारेचा ताण येतो, टेकू लागतो, तिथले खड्डे ऑगरने करून वर सब्बलीने मोठे केले. फाटकाचे दोन खांब अजून बाकी आहेत. त्यांना ८ इंची खड्डे हवेत, म्हणून पेट्रोलवाला ऑगर भाड्याने देणाऱ्या माणसाला पुढच्या रविवारी बोलावलं आहे. दोघांनी धरायचं मशीन आहे, राखणदाराला सांगून ठेवलंय. तो सब्बल घेऊनच येणार म्हणतो.