लिचेसवरील कोडी: नऊ महिन्यांच्या नियमित वापरानंतरचा अनुभव

गेले नऊ महिने मी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर रोज साधारण अर्धा तास कोडी (पटावरच्या दिलेल्या मांडणीत सर्वोत्तम चाली शोधण्याचे प्रश्न) सोडवत आहे आणि आठवड्याला पाच-सहा रॅपिड, म्हणजे मध्यम वेगाचे, डाव खेळत आहे. सुरुवातीला माझे कोड्यांचे रेटिंग (कामगिरीवरून ठरणारा आकडा) १६४० च्या आसपास होते, ते आज २११० आहे. याच काळात रॅपिडचे रेटिंग मात्र १४८० वरून १५९० पर्यंतच पोहोचले आणि त्या ११० गुणांपैकी बहुतेक गुण शेवटच्या तीन महिन्यांत मिळाले. हौशी खेळाडू एकमेकांना कोड्यांचे रेटिंग सांगतात तेव्हा ते खेळाच्या ताकदीचेच माप असल्यासारखे सांगतात, आणि प्रत्यक्ष डावात ती ताकद दिसली नाही की खचून जातात. मीही खचले होते, म्हणून या तफावतीविषयीच प्रामुख्याने लिहीत आहे.

संकेतस्थळाविषयी थोडक्यात सांगते. थिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले लिचेस ना-नफा तत्त्वावर चालते. त्यावर जाहिराती नाहीत, सशुल्क वर्गणीच्या मागे दडवलेली एकही सोय नाही, आणि त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे. कोडी कोणी बसून रचलेली नसतात, ती तिथेच खेळल्या गेलेल्या डावांतून स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणकीय इंजिनाच्या साहाय्याने वेचलेली असतात. त्यामुळे पटावरची मांडणी ओळखीची वाटते: आपल्यासारख्याच खेळाडूंच्या अर्धवट योजना, विसरलेली प्यादी आणि उशिरा केलेले किल्लेकोट. नऊ महिन्यांत मला एकदाही कोड्यांचा तुटवडा जाणवला नाही.

रेटिंगचे गणित समजून घेतल्यावर माझा बराच गोंधळ दूर झाला. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलेल्या एलो पद्धतीचा गाभा असा, की दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून अपेक्षित गुण काढता येतात. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूने १०० डावांत साधारण ७६ गुण मिळवणे अपेक्षित असते. लिचेस मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत वापरते. तिच्यात आकड्यासोबत त्या आकड्याची अनिश्चितताही मोजली जाते, म्हणूनच नव्या खात्याच्या रेटिंगपुढे काही काळ प्रश्नचिन्ह दिसते. कोड्यांच्या बाबतीत समोरचा खेळाडू म्हणजे ते कोडेच असते. त्याला स्वतःचे रेटिंग असते, तुम्ही ते सोडवले तर तुम्ही जिंकलात आणि चुकलात तर ते जिंकले. म्हणजेच कोड्यांच्या रेटिंगची तुलना फक्त कोड्यांशी होते. रॅपिड आणि त्याहून वेगवान असलेल्या ब्लिट्झ व बुलेट डावांचे रेटिंगही स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे यांपैकी कोणताही आकडा दुसऱ्याच्या जागी ठेवून बोलण्यात अर्थ नाही. फिडे रेटिंगशी तुलना तर दूरच राहिली.

पण गणित कळले म्हणून डाव सुधारत नाही. पाचव्या महिन्यातला एक डाव मी अजून जपून ठेवला आहे. मी पांढऱ्याकडून खेळत होते. माझा वजीर डी१ वर आणि घोडा जी५ वर होता. काळ्याचा राजा जी८ वर, हत्ती सी८ वर, जी आणि एच पट्ट्यांवरची प्यादी जागेवर आणि एफ पट्ट्यावरचे प्यादे केव्हाच मारले गेलेले. काळ्याचा वजीर ए५ वरून माझ्या ए२ वरच्या प्याद्यावर डोळा ठेवून होता. मी चाळीस सेकंद विचार करून ए३ अशी चाल केली आणि प्यादे वाचवले. डाव संपल्यावर विश्लेषण उघडले तेव्हा तिथे वजीर बी३ हा शह होता आणि काळ्याने मध्ये काही घातले तर तेही मारले जात होते. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर लगेच मात; एच८ वर गेला तर घोडा एफ७ वर शह, राजा जी८ वर परत, घोडा एच६ वर दुहेरी शह, राजा पुन्हा एच८ वर, मग वजिराचा जी८ वर बळी, तो हत्तीने घेणे भाग आणि शेवटी एफ७ वर घोड्याने मात. स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाची ही स्मदर्ड मेट मी कोड्यांत कितीतरी वेळा दहा सेकंदांत सोडवली होती. डावात ती शोधायचे मला सुचलेसुद्धा नाही.

कारण साधे आहे, पण ते पचायला मला वेळ लागला. कोडे समोर येते तेव्हा इथे काहीतरी आहे ही सर्वांत मोठी सूचना आधीच मिळालेली असते, तर डावात ती सूचना कोणी देत नाही. शिवाय मी कोडी सोडवतही चुकीच्या पद्धतीने होते. पहिली चाल बरी वाटली की खेळायची, समोरून उत्तर आले की पुढची शोधायची. असा निम्मा विचार संगणकच माझ्यासाठी करत होता. प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चिवट उत्तर स्वतः शोधणे हा जो खरा व्यायाम, तोच मी टाळत होते.

सहाव्या महिन्यापासून मी तीन गोष्टी बदलल्या. संपूर्ण मालिका, समोरच्याच्या उत्तरांसह, मनात पूर्ण झाल्याशिवाय पहिली चाल करायची नाही, मग एका कोड्याला दहा मिनिटे लागली तरी चालतील. यामुळे रोजची कोडी तीसवरून आठ-नऊवर आली आणि पहिले दोन आठवडे रेटिंगही घसरले, कारण आधी अंदाजाने बरोबर येणारी कोडी आता चुकीच्या गणनेमुळे चुकू लागली. दुसरे म्हणजे प्रत्येक कोड्यात आधी समोरच्याची धमकी कोणती ते शोधायचे. तिसरे म्हणजे कोड्यांच्या डॅशबोर्डवर, जिथे विषयवार कामगिरी दिसते, तिथली कमकुवत बाजू निवडायची. माझे फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) आणि पिन (मागच्या मोहऱ्यामुळे जखडलेले मोहरे) उत्तम होते, पण बचावात्मक चाल आणि शांत चाल हे दोन विषय फारच कच्चे निघाले; शह किंवा मारामारी नसलेली चाल माझ्या नजरेतच येत नव्हती. या दोन विषयांवर महिनाभर काम केल्यावर डावांत फरक पडलेला मला स्वतःला जाणवला, आणि रॅपिडचा आलेख हलला तोही त्यानंतरच.

पझल स्टॉर्म या प्रकाराची मला गोडी लागली होती, हेही सांगायला हवे. तीन मिनिटांच्या घड्याळावर सोपी कोडी धडाधड सोडवताना नेहमीचे नमुने पक्के होतात, हे खरे. पण त्या वेगाची सवय रॅपिड डावात उतरली आणि मी पंधरा मिनिटांच्या डावात दहा मिनिटे शिल्लक ठेवून हरू लागले. आता मी स्टॉर्म आठवड्यातून एकदाच खेळते. त्याऐवजी पझल स्ट्रीक मला अधिक उपयोगी वाटते, कारण तिथे घड्याळ नसते आणि पहिल्या चुकीला खेळ संपत असल्यामुळे हात आपोआप थांबतो.

काठिण्यपातळी मी सध्या नेहमीपेक्षा एक पायरी सोपी ठेवली आहे. आपल्या रेटिंगपेक्षा ३०० गुणांनी खालची कोडी सोडवणे कमीपणाचे वाटू शकते, पण माझे बहुतेक डाव अशाच चुकांवर ठरतात. चुकलेली कोडी रविवारी डॅशबोर्डवरून पुन्हा उघडते. मागच्या रविवारी चौदा होती, त्यांपैकी पाच दुसऱ्यांदाही चुकली आणि त्या पाचांपैकी चारांत उत्तर शांत चाल हेच होते.