म्युनिक की घोडबंदर? आधी मुलाचं वय सांगा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आयटीवाल्यांच्या सोसायट्यांत हा प्रश्न दरवर्षी कुणाला तरी पडतो : कंपनी जर्मनीत म्युनिकला पाठवतेय, पोरांच्या शाळेचं काय? आम्ही तिकडे राहून आलोय म्हटल्यावर सगळे आमच्याकडेच येतात. मी पगार विचारत नाही, मुलाचं वय विचारते.

सहाच्या आतलं असेल तर खुशाल जा. आपल्याकडे सीनियर केजीतलं पोर कर्सिव्ह गिरवतं, तिकडच्या बालवाडीत लिहायला-वाचायला शिकवण्याची घाईच नसते. गमबूट आणि रबरी विजार चढवायची आणि भर पावसात चिखलात सोडून द्यायचं. पहिली सहाव्या वर्षी, आणि त्या दिवशी मुलाच्या हातात जवळजवळ त्याच्याएवढाच, खाऊनं भरलेला कागदी शंकू. पुढे थोड्याच दिवसांत पोरं आपापली चालत शाळेत जातात. चौथीत तर पोलिसांसमोर सायकलची परीक्षा द्यावी लागते. इथे मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये स्कूल बस अडकली की पोरं आत पेंगत बसतात. राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते त्यांच्या झोपेसाठीच.

आठ ते दहा हे वय मात्र सगळ्यात अवघड. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात एक गुणपत्रक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर मूल थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जातं. गुण उलटे असतात : १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे काठावरून खाली. (आजीला फोनवर ‘गणितात एक मिळाला’ सांगाल तर ती शिकवणी लावायला सांगेल.) सरासरी हुकली की दुसऱ्या प्रकारची शाळा. नव्यानं आलेल्या मुलांना थोडी सवलत असते आणि नंतर वाट बदलताही येते, पण त्यासाठी जास्तीचे कष्ट आलेच. आपल्याकडे दहावीला घरात जे वातावरण असतं, ते तिकडे दहाव्या वर्षी. तिसरीत गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या पोराला तोवर जर्मन परिच्छेद नीट लिहिता यायला हवा.

बारा-तेराच्या पुढे असेल आणि दोन-तीन वर्षांत परतायचं असेल, तर मी इथेच राहा म्हणेन. नववीत परत आलं की बोर्ड समोर. शिवाय २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तिची मधली वर्षं बुडालेली असतात.

पैशांचं गणित दिसतं तेवढं सोपं नाही. सरकारी शाळेला फी नाही, वर प्रत्येक मुलामागे बालभत्ता (२०२५ मध्ये महिना २५५ युरो). इथे बऱ्या खासगी शाळेची फी भरताना घाम फुटतो. पण म्युनिकचं भाडं तो फायदा गिळून टाकतं, आणि प्राथमिक शाळा दुपारच्या जेवणाआधीच सुटते. दुपारच्या पाळणाघरात जागा मिळाली नाही की दोघांपैकी एकाची नोकरी अर्धवेळ होते, आणि बहुधा आईचीच. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क आहे. पाचपाखाडीत आजी राहते, तिच्या जागी मात्र कुठलाच हक्क पुरत नाही.

मावसभावाच्या लग्नाला आठवडाभर शाळा बुडवणं तिकडे विसरा. सुट्टीच्या आदल्या दिवशीचं स्वस्त तिकीट काढून निघालात तरी दंड होऊ शकतो.

खेळात ठाणे पुढे. खाली पोडियमवर उतरलं की डझनभर पोरं तयार. तिकडे मित्राच्या घरी जायचं तर आठवडाभर आधी आयांनी वेळ ठरवायची.

तिसरी-चौथीचं मूल घेऊन जायचंच असेल, तर व्हिसाची फाईल लावाल त्याच आठवड्यात त्याला जर्मनचा क्लास लावा. आणि इंटरनॅशनल स्कूलची फी कंपनी देणार असेल, तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. एचआरच्या तोंडी आश्वासनावर तिकिटं काढू नका.