फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही: अल्कोहोल इंटरलॉक कितपत कामाचं?

मोठा अपघात झाला की दारूड्या चालकाचा दंड वाढवा, कैद वाढवा अशी मागणी उठते. पण शिक्षेचा हिशेब शुद्धीतला माणूस करतो आणि किल्ली फिरवतो तो प्यायलेला. अल्कोहोल इंटरलॉक म्हणजे दारू पिऊन चालवताना पकडलेल्यांच्या गाडीत बसवतात ते, श्वासात अल्कोहोल आढळलं तर गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र. ते नेमकं त्या किल्लीपाशी आडवं येतं, त्यामुळे त्याची तुलना शिक्षेशीच करायला हवी.

यंत्र मोबाइलएवढं, वायरने स्टार्टरच्या सर्किटला जोडलेलं. आत फ्युएल सेल सेन्सर असतो: श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि जेवढं अल्कोहोल तेवढा विद्युतप्रवाह निर्माण होतो. इग्निशन ऑन करायचं, सेन्सर गरम होईपर्यंत थांबायचं (थंडीत हे रेंगाळतं), मग नळीत काही सेकंद सलग फुंकायचं. फुंकर छातीतून, खोल यायला हवी. अर्धवट फुंकर यंत्र नाकारतं आणि नवखे इथेच वैतागतात. पुष्कळ ठिकाणी मर्यादा रक्तात 0.02 टक्के अल्कोहोलच्या आसपास ठेवतात, म्हणजे जवळपास शून्य.

गाडी चालू असतानाही अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगितलं जातं. बाहेर उभ्या शुद्धीतल्या मित्राकडून गाडी सुरू करून घेण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. या चाचणीत नापास झाल्यावर धावतं इंजिन बंद पडत नाही, तसं झालं तर धोका वाढेल. हॉर्न आणि दिवे बोंबलतात, नोंद साठते. कॅमेरा असलेलंच मॉडेल घ्या. त्याशिवाय फुंकर कोणाची होती हे सिद्ध करता येत नाही.

चुकीचे नापास निकाल बहुतेकदा तोंडात उरलेल्या अल्कोहोलमुळे येतात: माउथवॉश, खोकल्याचं औषध, यीस्टचा ताजा पाव. चूळ भरून पंधरा मिनिटं थांबलं की आकडा शून्यावर येतो. खरोखर प्यायलेल्याचा पंधरा मिनिटांत जेमतेम हलतो, म्हणून दुसरी चाचणी चुकवू नका, तीच तुमचा पुरावा. हाताला लावलेल्या सॅनिटायझरची वाफही सेन्सरला चकवते. मधुमेहींच्या श्वासातला अ‍ॅसिटोन मात्र फ्युएल सेलला सहसा फसवत नाही, तो त्रास स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सरचा. नळीत थुंकी साचू देऊ नका, सिगारेट ओढल्या ओढल्या फुंकू नका. ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन (सेन्सरची अचूकता तपासून जुळवणं) चुकवलं तर यंत्र स्वतःच गाडी अडवतं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा, कारण यंत्र थोडा का होईना करंट खात राहतं.

सर्वांत जास्त तक्रार सकाळच्या नापास निकालाची. शरीर अल्कोहोल जिरवतं तसं रक्तातलं त्याचं प्रमाण तासाला साधारण 0.015 टक्क्यांनी उतरतं. मध्यरात्री 0.15 असेल तर शून्यावर यायला सकाळचे दहा वाजतात. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी तो वेग वाढत नाही. ‘झोप झाली, उतरली’ हा समज यंत्र आठवडाभरात मोडून काढतं, आणि दंडाच्या पावतीला हे जमत नाही.

आता शिक्षेची बाजू. ब्रिटनने 1967 साली 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आणि श्वासचाचणी आणली तेव्हा रात्रीचे अपघात झपाट्याने घटले. पुढे पकडलं जाण्याची शक्यता फारच कमी आहे हे चालकांना कळलं आणि परिणाम विरला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 1982 च्या डिसेंबरपासून कुठेही, कुणालाही थांबवून चाचणी सुरू झाली. ती मोठ्या प्रमाणावर चालू राहिली आणि तिथला परिणाम टिकला. शिक्षेच्या आकड्यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त काम करते. इंटरलॉकमध्ये ती खात्री रोजची आहे: प्रत्येक वेळी चाचणी, निकाल जागेवर.

कमतरता दोन, आणि दोन्ही मोठ्या. यंत्र गाडीला बसतं, माणसाला नाही. घरात दुसरी गाडी असेल तर ती मोकळीच. दुसरं म्हणजे बसवलेलं असेपर्यंत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे घटतं, पण काढल्यावर ते बहुतांशी पूर्वपदावर येतं. सवय सुटावी म्हणून सोबत उपचार लागतातच. काही ठिकाणी शेवटच्या महिन्यांत एकही नापास नोंद नसेल तरच यंत्र काढू देतात. तारखेवर काढून देणाऱ्या योजनेपेक्षा ही अट असलेली योजना निवडा, मुदत लांबण्याची शक्यता धरूनही.