ड्राइव्ह बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकदम बदलून घेतल्यावर: काही महिन्यांचा अनुभव

ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी वगैरे फिरवणारा पट्टा), त्याचा ऑटोमॅटिक टेन्शनर (स्प्रिंगच्या दांड्याने बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुली (बेल्टला वाट दाखवणारी, नुसती फिरणारी पुली) असा सगळा सेट गाडीत बसवून घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात कडक ऊनही झालं, धो धो पाऊसही झाला. त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. थोडक्यात सांगायचं तर सेट समाधानकारक आहे, पण त्यातली खरी कामाची वस्तू बेल्ट नव्हे, टेन्शनर.

त्याआधी सकाळी स्टार्टर मारला की गाडी किंचाळायची, एसी लावला की आणखी जोरात. गॅरेजवाल्याने नुसता बेल्ट बदलून दिला. काही आठवडे शांतता, मग पुन्हा तेच रडगाणं. परत गेलो तर म्हणे, ‘बेल्टच खराब निघाला, दुसरा टाकू.’ कोरा बेल्टही तसाच ओरडत असेल तर दोष दुसरीकडे आहे, हे तिथे कुणालाच का सुचू नये?

मग घरीच पाण्याची परीक्षा घेतली. इंजिन आयडलिंगला ठेवायचं आणि स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारायचं. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता जास्त. पाणी पडताच आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी पडतोय. माझ्या गाडीत चांगलाच वाढला. (हे करताना बाह्या, ओढणी, केस, बोटं सगळं लांब. फिरता बेल्ट दयामाया दाखवत नाही.)

त्यानंतर टॉर्च टेन्शनरवर धरला आणि उत्तर समोरच होतं. दांडा सारखा थरथरत होता आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की चक्क उडी मारत होता. चांगल्या टेन्शनरचा दांडा किंचित हलतो, पण असा नाचत नाही. इंजिनाचं फिरणं आपल्याला एकसारखं वाटतं, पण प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला एक धक्का बसतो. त्याच एका बेल्टवर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि अनेक गाड्यांत वॉटर पंप किंवा पॉवर स्टीअरिंगचा पंपही असतो. हे धक्के पचवायला टेन्शनरमध्ये स्प्रिंगबरोबर घर्षणाने डॅम्पिंग करणारा, म्हणजे हादरे शमवणारा भाग असतो. तो झिजला की स्प्रिंग शाबूत असूनही बेल्ट फडफडतो आणि घसरतो. नवा बेल्ट टाकल्यावर काही दिवस पकड मिळते, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

जुनी आयडलर पुली काढल्यावर बोटाने फिरवून बघितली. कोरडा खरखर आवाज करत ती कितीतरी वेळ भिरभिरत राहिली. नवी मात्र जराशी फिरून थांबली. अनेकांना मोकळी फिरणारी पुली चांगली वाटते, पण बंद बेअरिंगमध्ये ग्रीस असेल तर थोडा विरोध जाणवायलाच हवा.

बेल्ट घेताना त्याच्या पाठीवरचा नंबर नीट वाचा. ६पीके१७५० म्हणजे सहा धारा (खाचांमधल्या उभट, लांब पट्ट्या), पीके हा धारांचा आकार (दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिमी) आणि १७५० मिमी लांबी. ‘थोडा मोठा चालतो हो, टेन्शनर ओढून घेईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लांबी चुकली की दांडा आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसतो. बऱ्याच टेन्शनरवर त्या मर्यादेच्या खुणा असतात, बेल्ट बसवल्यावर टेन्शनरवरचा काटा त्यांच्यामध्ये आहे ना, तेवढं बघायचं.

आता झिजेबद्दल, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला आडवे तडे जायचे आणि तडे दिसले की बदला, हा हिशेब सोपा होता. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना सहसा तडे जात नाहीत, ते टायरसारखे झिजतात. खाचांमधलं रबर कमी होत जातं, बेल्ट पुलीत खोल बसायला लागतो आणि धारांच्या बाजूंची पकड जाते. वरून बघाल तर काळाभोर, ठणठणीत! म्हणून झीज मोजायची छोटी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती खाचेत धरून बघायची. मी परवाच बघितलं, पट्टी अजून धारांच्या वर राहते, म्हणजे खाच अजून खोल झालेली नाही.

तक्रारी दोन. बेल्ट कुठून कसा फिरवायचा याची आकृती खोक्यात नव्हती. बॉनेटखाली स्टिकर असतो, माझ्या गाडीतला केव्हाच उडाला होता. जुना बेल्ट काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढला होता म्हणून निभावलं. दुसरं, सुरुवातीला रबराचा वास येत होता, तो पुढे आपोआप गेला. खूप पाऊस पडून गेल्यावर सकाळी क्वचित एखादा ‘चीं’ येतो आणि लगेच थांबतो. ओला बेल्ट तेवढं करणारच, त्यामागे मी लागलेलो नाही.

आवाज बंद करायला बेल्टवर मारायचे स्प्रे आणि मेण मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चिकटपणावर धूळ बसते आणि घसरण आणखी वाढते. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती थांबवा, नाहीतर नव्या बेल्टचीही तीच गत होईल.

चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागतो. वॉटर पंप त्याच्यावरच असेल तर तापमानाचा काटा चढायला लागतो. तेव्हा ‘जवळच तर जायचंय’ म्हणत गाडी दामटायची नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा) हा वेगळा विषय. तो कव्हरच्या आत असतो, त्याला दाते असतात आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हला पिस्टन धडकतात. त्याची मुदत कंपनीच्या पुस्तिकेतूनच पाळा, त्याबाबतीत माझा हा अनुभव उपयोगाचा नाही.

काही गाड्यांत टेन्शनर नसतोच, स्वतःच ताणून बसणारा स्ट्रेच बेल्ट असतो. तुमची गाडी तशी असेल तर हा सेट तुमच्यासाठी नाही. तो बेल्ट चढवायला वेगळं हत्यार लागतं आणि एकदा काढला की तोच परत लावायचा नसतो, त्यामुळे कुठल्याही कामासाठी तो काढायची वेळ आली तर नवा आधी आणून ठेवा.