फॉल्स सीलिंगला कोणती पट्टी: आरजीबी की वॉर्म व्हाइट?

हॉलच्या फॉल्स सीलिंगला एलईडीची पट्टी लावायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. आरजीबीत, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी एकत्र असलेल्या पट्टीत, सगळे रंग मिळतात, पांढराही मिळतो, मग तीच का घेऊ नये? कारण तिचा पांढरा आणि वॉर्म व्हाइट पट्टीचा पिवळसर पांढरा एक नाही.

एलईडीचा रंग आतल्या अर्धवाहकातून येतो. वीज वाहताना इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली उतरतो आणि त्या फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फरक कमी असेल तर लाल, जास्त असेल तर निळा. म्हणून लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर लागतो, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये आला. लख्ख निळ्यासाठी १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्या निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि ते अगदी योग्यच होतं. आज घरोघरी लागणारा पांढरा दिवा त्या निळ्यावरच उभा आहे.

वॉर्म व्हाइट पट्टी बंद असताना जवळून बघा. चिपवर हळदीसारखा पिवळा थर दिसेल. हे फॉस्फर. खालचा निळा प्रकाश ते शोषून घेतं आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा प्रकाश सलग पसरून देतं. उरलेला निळा त्यात मिसळला की पांढरा.

आरजीबीच्या चौकोनात मात्र तीन बारीक ठिपके असतात. तिन्ही एकदम लागले की डोळ्याला पांढरं वाटतं, पण मधल्या छटा, विशेषतः पिवळा-नारिंगी पट्टा, जवळजवळ रिकामाच. भिंतीवर ते कळत नाही. पैठणीवर, जेवणाच्या ताटावर, माणसांच्या चेहऱ्यावर कळतं. रंग उपरे वाटतात. नुसता लाल लावून पांढऱ्या कागदावर कुंकू ठेवा, ते जवळपास दिसेनासं होतं. जो रंग प्रकाशातच नाही, तो वस्तू कुठून परत देणार?

रोज बसायच्या, वाचायच्या खोलीत मी वॉर्म व्हाइटच लावेन. २७०० ते ३००० केल्व्हिन (पांढऱ्याची छटा सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त पिवळसर), आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. टीव्हीच्या मागे किंवा गणपतीच्या आराशीला आरजीबी झकास. तिथे रंगच हवा असतो. फॉस्फरची पट्टी रंग बदलत नाही, हे मान्य.

दोन्ही एकाच पट्टीत हवं असेल तर आरजीबीडब्ल्यू मागा. तिच्यात पांढऱ्याची वेगळी चिप असते. कापायच्या खुणेपाशी टोकं मोजून घ्या: आरजीबीला चार, हिला पाच. कंट्रोलरही पाच टोकांचाच लागतो.