मॅट पिलाटेसचं सर्टिफिकेट घेऊन सात महिने झाले, आणि मॅट फाटली

गेल्या मंगळवारी सकाळच्या बॅचला 'रोलिंग लाइक अ बॉल' दाखवत होते आणि माझी मॅट बरोबर माकडहाडाखाली टर्रकन फाटली. बायकांना वाटलं लेगिंग फाटली, त्यामुळे लाजेकाजेने कोणी काही बोललंच नाही. मी उठून बघितलं तर खाली घातलेल्या सतरंजीची नक्षी दिसत होती.

ही मॅट मला पिलाटेसची इन्स्ट्रक्टर होण्याच्या कोर्सबरोबर 'मोफत' मिळाली होती. पिलाटेस म्हणजे पोट आणि पाठीवर ताबा ठेवून करायचे व्यायाम, आणि मॅट पिलाटेस म्हणजे तेच यंत्रांशिवाय, नुसत्या मॅटवर. फी ४८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. एवढ्या पैशांत मोफत म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या. अनुभव लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आता फाटक्या मॅटने मुहूर्त काढून दिलाय.

कोर्समध्ये काय शिकवतात ते त्यांच्या पत्रकात असतंच, ते मी परत लिहीत नाही. आठ शनिवार-रविवार, मुंबईत. मी नाशिकरोडची. सकाळची पंचवटी, मांडीवर मॅटची गुंडाळी, आणि कसारा येईपर्यंत किमान एक जण विचारणार, "योगा का?" पहिले दोन आठवडे समजावून सांगितलं. नंतर "हो, योगा" म्हणायला लागले. रात्रीचा मुक्काम मुलुंडला मावशीकडे, नाहीतर हा हिशोब मला परवडलाच नसता.

आता मॅटबद्दल. लोक म्हणतील एवढं काय मॅटचं घेऊन बसलीस, पण कोर्सचं नावच मॅट पिलाटेस आहे! यात दुसरं सामान असतं कुठे? योगाची मॅट चार ते सहा मिलिमीटरची असते आणि योगाला ती पुरते, कारण तिथे कोणी पाठीच्या कण्यावरून गडगडत नाही. पिलाटेसच्या मूळ ३४ व्यायामांत रोलिंग लाइक अ बॉल आहे, ओपन लेग रॉकर आहे, सील आहे, क्रॅब आहे. म्हणजे चक्क एकेका मणक्यावरून मागे लोळायचं आणि परत यायचं. क्लासिकल पद्धतीच्या स्टुडिओत यासाठी लाकडी चौकटीवर जाड गादी बसवलेली असते. आम्हाला दिली सहा मिलिमीटरची पातळ पोळी. दुसऱ्याच रविवारी माझ्या पाठीवर मधोमध निळे डाग. मावशी म्हणाली, "क्लासला जातेस की मारामाऱ्या करायला?"

मुलगा डिप्लोमाला आहे, त्याच्याकडे जाडी मोजायचं व्हर्निअर आहे. त्याने मोजली. ५.२ भरली. सहासुद्धा नाही.

तिथल्या मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, कंट्रोल वाढला की दुखणार नाही. हे मला तेव्हा फार लागलं. आता सात महिने शिकवल्यावर मान्य करते की त्यात अर्धं तथ्य होतं. पोट सोडून दिलं की माणूस धपकन पडतो आणि मणका आपटतो. पोट आत धरून पाठीचा गोल टिकवला तर आवाजही होत नाही. पण अर्धंच हां. ज्याच्या पाठीवर मांसच नाही, त्याचे मणके सतराव्या वर्षीही टोचतात आणि सत्तराव्या वर्षीही.

मग मी हट्टाने १५ मिलिमीटरची आणली, ती मऊ, फोमसारखी, एनबीआर नावाच्या रबराची. आठ दिवस स्वर्ग. नवव्या दिवशी लेग पुल फ्रंट घेतलं, म्हणजे पालथं होऊन तळहात आणि चवड्यांवर अंग तोलायचं, तर मनगटं मॅटमध्ये रुतली. साइड बेंडला, म्हणजे कुशीवरून एका हातावर तोलताना, हात डुगडुगतो, तोल जातो. घाम आला की तळवे सरकतात. दीड महिन्यात मॅट लांबून कडेला चुणीदार झाली. म्हणजे 'जाड द्या, जाड द्या' म्हणून मी जी कटकट केली होती, तीही पूर्ण बरोबर नव्हती. जाड हवी, पण घट्ट हवी.

सध्याची माझी सोय अशी: सगळ्यात खाली स्वयंपाकघरात फडताळात घालतो ते जाळीदार रबर, म्हणजे सरकत नाही. त्यावर सासूबाईंच्या लग्नातली सतरंजी, दुहेरी घडी करून. त्यावर पातळ मॅट. लोळायलाही बरं, हातावर उभं राहायलाही बरं, जास्तीचा खर्च रबराचा तेवढा. बॅचमधल्या सगळ्यांना मी हेच करायला लावलंय. आमचा हॉल लांबून बघितला तर मंगळागौरीची तयारी वाटते.

सर्टिफिकेटबद्दल थोडं कडू. पत्रकात 'आंतरराष्ट्रीय मान्यता' छापलंय. कोणाची मान्यता, हे विचारायचं मला फी भरल्यावर सुचलं. हे व्यायाम ज्याने काढले तो जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला, लहानपणी दमा आणि मुडदूस, पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांच्या नजरकैदेत, मग १९२६च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला. त्याने आपल्या पद्धतीचं नाव 'कंट्रोलॉजी' ठेवलं होतं. 'पिलाटेस' हे लोकांच्या तोंडी बसलं. पुढे त्या नावाच्या मालकीवरून अमेरिकेत खटला झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की पिलाटेस हा योगा-कराटेसारखाच व्यायामाचा प्रकार आहे, ट्रेडमार्क नाही. थोडक्यात, पाटी कोणीही लावू शकतो आणि सर्टिफिकेटही कोणीही छापू शकतो. आपल्याकडे त्याला सरकारी परवाना लागत नाही. एनसीपीटी नावाची एक परीक्षा आहे, बाहेर तिला वजन आहे, पण तिला बसायला रिफॉर्मर, कॅडिलॅक, चेअर अशी सगळी यंत्रं धरून ४५० तासांचं शिक्षण लागतं. नुसत्या मॅटवाल्यांना तिथे दार बंद. हे आम्हाला शेवटच्या रविवारी, चहा पिताना, सहज म्हणून सांगण्यात आलं. शिवाय माझ्या सर्टिफिकेटला दर दोन वर्षांनी पैसे भरून नूतनीकरण आहे. पीयूसी बरं, वरचेवर काढावं लागतं, पण स्वस्त तरी असतं.

सरावाचे तीस तास हीसुद्धा माझी मोठी तक्रार होती. परीक्षेआधी तीस तास फुकट शिकवायचं, वहीत नोंद करायची, समोरच्याची सही घ्यायची. मला वाटलं ही वेठबिगारी आहे. नाशकात फुकट शिकायलाही कोणी येत नाही, "बघू गं, गहू भरायचेत" असं चालतं. शेवटी घरातली माणसं धरली. सासूबाई ७१ वर्षांच्या, उत्साही. त्यांना मी रोल अप शिकवायला घेतलं, पाय लांब, हात पुढे, गोल होत उठा. त्या उठल्यासुद्धा! मी व्हिडिओ काढून अभिमानाने ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मॅडमचा फोन. "वय काय? हाडांची तपासणी झालीय का?" झाली होती, ऑस्टिओपोरोसिस होतं, गोळ्या चालू होत्या, मला ते माहीत होतं आणि तरी डोक्यात आलं नाही. हाडं ठिसूळ असताना पाठ गोल करून जोर लावला की मणका दबून मोडू शकतो. आणि पिलाटेसचे निम्मे व्यायाम पाठ गोल करण्याचेच. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या शनिवारी मॅडमनी अख्खा दिवस यावरच घेतला. कोणाला काय द्यायचं नाही. सासूबाईंना आता पालथं झोपून छाती किंचित उचलणं, कुशीवर पायाचे प्रकार, हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, एवढंच. गोल होणं बंद. तो एक दिवस आणि ते तीस तास नसते तर मी आज काय करत बसले असते, विचार नको. तेव्हा वेठबिगारी हा शब्द मागे घेते. मॅटबद्दलचा एकही शब्द मागे घेत नाही.

कोर्समध्ये मुळीच नव्हती ती गोष्ट म्हणजे मराठी. सगळ्या सूचना इंग्रजीत, त्याही अमेरिकन थाटाच्या. 'झिप अप', 'नेव्हल टू स्पाइन'. आमच्या हॉलमध्ये हे बोलले तर सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात. "बेंबी आत" म्हटलं की श्वासच धरून ठेवतात. "गेल्या वर्षीच्या जीन्सची चेन लावताय" म्हटलं की पोट बरोबर हवं तेवढंच आत जातं. पाठ खाली ठेवताना "जपमाळ ओढताना एकेक मणी सोडता तसा एकेक मणका सोडा" हे एकदा सांगितलं, परत सांगावं लागलं नाही. 'हंड्रेड' नावाच्या व्यायामाला सगळ्यांची मान दुखायची, कारण डोकं उचला म्हटलं की हनुवटी वर करायच्या. आता सांगते, हनुवटीखाली मध्यम कांदा धरलाय, चेपायचा नाही, पाडायचा नाही. लासलगाव जवळ असल्याचा असाही फायदा. हंड्रेडमध्ये पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा, आणि सगळा वेळ सरळ हात वर-खाली. बॅचमधली एक मुलगी ढोल पथकात आहे. तिचे हात शंभरला थांबतच नाहीत, तिला हाक मारून थांबवावं लागतं.

पैशांचं सांगते, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. महिना १,२०० रुपये घेते. सोसायटीच्या हॉलचं भाडं २,०००. पहिले तीन महिने चारच जणी होत्या, म्हणजे हातात महिन्याला २,८००. नंतरचे चार महिने नऊ जणी, महिन्याला ८,८००. सात महिन्यांचे ४३,६००. फीच अजून १३,०४० रुपयांनी पुढे आहे, पंचवटीची तिकिटं आणि मावशीकडे नेलेला चिवडा वेगळाच.

फाटलेल्या मॅटचा फोटो संस्थेला पाठवला. पहिलं उत्तर, वापर जास्त झालेला दिसतो. मी लिहिलं, इन्स्ट्रक्टर तयार केलात तर वापर जास्तच होणार ना? दोन दिवस निळ्या टिका नुसत्या. मग मी बिलाचा फोटो टाकला, त्यावर किटमध्ये 'प्रोफेशनल मॅट' असं लिहिलंय त्याला गोल करून. काल कुरिअर आलं. जांभळी आहे, वेष्टनावर 'सहा मिलिमीटर' छापलंय. मुलगा कॉलेजातून आला की व्हर्निअर लावतो म्हणालाय.