‘मॉड्यूल उडालंय’ म्हणाला, आणि डिकीत निघाले रेझिस्टर

गाडीचे इंडिकेटर एलईडी करून घेतले आणि लगेच ते दुप्पट वेगाने ब्लिंक मारायला लागले. पुढून-मागून उजेड छान, पण डॅशबोर्डची टिकटिक थांबता थांबेना. गाडी परत त्याच दुकानात नेली. मालकाने स्कॅनर जोडला, माझ्यापासून स्क्रीन वळवून घेतली आणि चेहरा पाडून म्हणाला, “साहेब, बॉडी कंट्रोल मॉड्यूल उडालंय. एलईडीचा लोड झेपला नाही त्याला.” हे मॉड्यूल म्हणजे गाडीचे दिवे, इंडिकेटर वगैरे चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी.

हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्या हातात गाडीची चावी देऊ नका. इंडिकेटरचा साधा बल्ब असतो 21 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर जवळपास पावणेदोन अँपिअर ओढणारा. एलईडी त्याच्या मानाने फारच थोडा करंट घेतो. लोड वाढत नाही, उलट इतका घटतो की बल्बच गेलाय असं मॉड्यूलला वाटतं. मग चालकाला कळावं म्हणून ते मुद्दाम भराभर मारतं. म्हणजे माझं मॉड्यूल उडालेलं नव्हतं, त्याला नेमून दिलेलं काम चोख करत होतं!

‘नवीन मॉड्यूल’ बसलं, वेग ठीक झाला, बिल चांगलंच फुगलं. बिलावर पार्ट नंबर नाही, नुसतं ‘इलेक्ट्रिकल काम’. जुनं मॉड्यूल मागितलं तर “ते कंपनीला जमा करावं लागतं.”

पुढे एकदा रस्त्याकडेला हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून बराच वेळ थांबलो होतो, तेव्हा डिकीतून प्लास्टिक जळल्यासारखा वास आला. दुसऱ्या वायरमनने डिकीचं अस्तर सोडवलं. आत सोनेरी पंखांचे दोन रेझिस्टर, म्हणजे करंट ओढून त्याची उष्णता करणारे तुकडे, अंगावर 50 वॅट, 6 ओहम असं छापलेलं. काळ्या टेपने थेट वायरिंगच्या जुडग्याला गुंडाळलेले. टेपचा गोंद पाघळून खाली आलेला, शेजारच्या वायरचं आवरण बोटाने दाबलं तर दबत होतं. पुढचे दोन हेडलाइटमागे तसेच लोंबकळत होते. आणि मॉड्यूल? कंपनीतून आलेलंच, वर धुळीचा थर, स्क्रूला पाना लागल्याची खूणही नाही.

रेझिस्टर लावणं हा काही गुन्हा नाही. तो एलईडीला समांतर जोडला की करंट वाढतो आणि मॉड्यूलचं समाधान होतं. पण इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा इंडिकेटर पेटलेला असेपर्यंत 6 ओहमचा रेझिस्टर 30 वॅटहून जास्त उष्णता टाकतो. तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने कसायचा असतो, प्लास्टिक आणि वायरपासून लांब. (वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, हा विनोद वेगळाच.) शिवाय पुढे एलईडी खरंच गेला तर भराभर मारण्याची सूचनाही मिळत नाही.

दुकानदाराला जाब विचारला तर “इंडिकेटर चालतोय ना?” एवढंच उत्तर.

खरं-खोटं करायला स्कॅनर लागत नाही. त्या बाजूचे जुने बल्ब होल्डरमध्ये परत लावा. वेग पूर्ववत झाला, म्हणजे मिनिटाला 60 ते 120 वेळांच्या मध्ये आला, की मॉड्यूल शाबूत आहे. म्हणून काढलेले बल्ब दुकानात सोडून येऊ नका. जुन्या गाड्यांत आणि बऱ्याच बाइकमध्ये फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा सुटा स्विच) वेगळा असतो. तिथे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की काम झालं, फक्त पिनांचा क्रम जुळवून घ्या. दोन्ही बाजूंना मिळून मीटरवर एकच इंडिकेटर दिवा असलेल्या बाइकमध्ये कधी चारही एलईडी एकदम मारतात. त्या दिव्यातून करंट पलीकडच्या बाजूला शिरतो, एवढंच. करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन डायोडचं काम आहे. त्यावर “पूर्ण वायरिंग बदलावी लागेल” म्हणणारेही भेटतील.

मॉड्यूल खरंच बदललं असेल तर जुनं हातात घ्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. रेझिस्टर लावले असतील तर अस्तर बंद करण्याआधी ते कुठे कसलेत ते दाखवायला लावा.